तळ्याची भांडी

आमच्या टीममधली पाच-सहा पोरं डिसेंबरात ताडोबाला निघाली आहेत. मी मूळचा चंद्रपूरचा, त्यामुळे गेले दोन आठवडे चहाच्या टेबलावर मी म्हणजे हेल्पडेस्क झालो आहे. तळ्यात पोहता येतं का? नाही, मगरी आहेत. बरं, होडी? त्या तळ्यात नाही. काठावर तंबू? नाही. शेकोटी? ड्रोन? निदान तळ्याभोवती पायी एक चक्कर? नाही, नाही आणि नाही. शेवटी एकाने वैतागून विचारलं, "अरे, मग तिथे जाऊन करायचं तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फार लहान आहे: उघड्या जिप्सीत बसायचं, गप्प राहायचं आणि बघायचं. पण मला त्यातून दुसराच प्रश्न पडला. हे एवढे सगळे 'नाही' आले कुठून?

ज्यांनी जुन्या सिस्टिमवर काम केलंय त्यांना हा अनुभव असेल. पंधरा वर्षं जुन्या कोडमध्ये मध्येच एखादी विचित्र अट सापडते. शेजारी कॉमेंट नाही, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. काढून टाकली तर तिसरीकडेच काहीतरी कोसळतं. म्हणजे त्या अटीमागे कधीतरी काहीतरी घडलेलं असतं. ताडोबाची नियमावली मला तशी दिसते. फरक इतकाच की इथली सगळ्यात जुनी अट दीडशे वर्षांपूर्वी छापून ठेवलेली आहे, आणि ती वन खात्याने घातलेली नाही.

चार्ल्स ग्रँट या अधिकाऱ्याने संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटियर १८७० साली नागपुरात छापलं गेलं. गॅझेटियर म्हणजे खरं तर सरकारी कोरडेपणाचा कळस. किती गावं, किती बैल, किती सारा. पण या तळ्यापाशी आल्यावर साहेबाची लेखणीही जरा सैल सुटलेली दिसते. त्यात दिलेली दंतकथा थोडक्यात अशी: गवळ्यांचं एक वऱ्हाड चिमूरच्या डोंगरातून चाललेलं असतं. ऊन रणरणतंय, पाण्याचा टिपूस नाही. एक विचित्र म्हातारा भेटतो आणि सांगतो, नवरा-नवरीने मिळून इथे खणा. ते खणतात, पाण्याचा झरा उसळतो. सगळे पितात, पण पाणी काही थांबत नाही. वाढत वाढत ते नवरा-नवरीसकट अख्खं वऱ्हाड पोटात घेतं. पुढे तळाशी कुणा अदृश्य हातांनी एक देऊळ बांधलं आणि बुडालेले सगळे तिथे राहू लागले.

मग काठावर ताडाचं एक झाड उगवलं. ते दिवसा वर यायचं आणि तिन्हीसांजेला जमिनीत जायचं. एक आगाऊ यात्रेकरू पहाटे त्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. झाड वाढत वाढत आभाळात गेलं आणि सूर्याच्या आगीत तो जळून गेला. झाडाची राख झाली. त्या जागी तळ्याच्या देवाची मूर्ती प्रकटली, तो 'तारोबा'.

आता खरी मजा. यात्रेला येणाऱ्यांना स्वयंपाकाला भांडी लागत. काठावर उभं राहून तळ्याला विनंती केली की हवी ती भांडी पाण्यातून वर येत. काम झालं की घासून-धुऊन परत पाण्यात सोडायची. एकदा एका लोभी माणसाने ती घरी नेली. घरी नेल्या नेल्या भांडी गायब झाली, आणि त्या दिवसापासून तळ्याने भांडी देणं बंद केलं.

भांडी देणाऱ्या तळ्याची गोष्ट महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सांगतात, तुमच्याही गावाकडे एखादी असेल. पण मला तिच्यात एक नियमावली दिसते, आणि मोठी आटोपशीर आहे. एक: तळ्याचं जे आहे ते सगळ्यांचं आहे, मागा आणि वापरा. दोन: धुऊन परत ठेवा. तीन: आगाऊपणा करून वर चढू नका. दंडाची तरतूदही आहे, आणि तो दंड सामूहिक आहे! एकाने नियम मोडला की सगळ्यांची सोय जाते. अजून वन खात्याचा जन्म व्हायचा होता तेव्हाच्या या गोष्टी.

तारोबाबद्दल दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे, आणि आज तुमचा गाईड तुम्हाला तीच सांगेल. तारू नावाचा एक गोंड गावप्रमुख होता. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केलं. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. दरवर्षी पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आसपासचे आदिवासी तिथे जत्रेला येतात. वाघाने मारलेल्या माणसाचा देव होणं हे या भागात नवल नाही. ज्याच्याशी रोजची गाठ, त्याच्याशी काहीतरी समझोता हवाच.

म्हणजे या तळ्यावरचं सगळ्यात जुनं 'आउटडोअर रिक्रिएशन' म्हणजे जत्रा. आमच्याकडे गंमत म्हणून वेगळं काही काढलं जात नसे. देवदर्शन, सोयरीक जुळवणं, नवस फेडणं, मुक्काम, रांधणं, नाचणं हे सगळं एकाच खात्यात.

तळ्यांना नियम असणं ही झाडीपट्टीत फार जुनी रीत आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा तळ्यांचा मुलूख. धान पिकवायचा तर पाणी अडवावं लागतं, म्हणून गावोगाव तळी. कोहळी समाज या कामात सगळ्यात तरबेज. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन माफीने मिळायची, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना या नावाचा अर्थ माहीत आहे देव जाणे. इंग्रजी अमलात ही तळी मालगुजारांकडे गेली, म्हणून 'माजी मालगुजारी', आणि त्याचं लोकांनी केलेलं लघुरूप 'मामा तलाव'. हे माझं सगळ्यात आवडतं सरकारी लघुरूप आहे :-)

या तळ्यांच्या वापराला शब्द होता निस्तार. कुणी कुठे गुरं पाजायची, कोणत्या काठाला धुणं, मासे कुणी धरायचे (बहुतेक ठिकाणी ढिवर), जंगलातून जळाऊ लाकूड कुठलं आणायचं, हे सगळं निस्तारात येई. बरंचसं तोंडी, पुढे कागदावरही नोंदलेलं. हे सगळं फार न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही. मालगुजार तो मालगुजारच, आणि कोणत्या काठाला कोणत्या जातीने जायचं हेही त्यातच ठरलेलं असे. पण एक गोष्ट होती. निस्ताराचा नियम वापर कसा करायचा ते सांगायचा. 'येऊ नका' असं सांगणारा नियम नंतर आला.

तो आला १८७८ च्या वन कायद्याने. या कायद्यानंतर चांद्याची मोठमोठी जंगलं राखीव झाली. 'राखीव' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की कुणासाठी राखीव हे विचारायचं राहून जातं. सागवान सरकारसाठी. आणि शिकार साहेबासाठी. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, ब्लॉक आपल्या नावावर करून घ्यायचा, कोणतं जनावर किती मारायचं ते परवान्यावर लिहिलेलं. हाकारे घालायला माणसं जवळच्या गावातली. म्हणजे रान उठवणारा गोंड, बार काढणारा साहेब. तोच गोंड स्वतःसाठी ससा मारताना सापडला तर गुन्हेगार. एकाची ती शिकार, दुसऱ्याची ती चोरी. वाघ मारल्याबद्दल तर सरकार बक्षीस द्यायचं.

जाता जाता: मोहर्लीकडून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला ओळीने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर ओढलेला असे, त्याला घंटा बांधलेल्या असत आणि दोर हलवून निरोप पुढे पाठवत, असं गाईड सांगतात. खरंखोटं तारोबा जाणे, पण जंगलातून टाकलेली ती केबल आणि दर खांबाला पिंग ही कल्पना आमच्यासारख्यांना भारी वाटते.

असो. १९३५ मध्ये ताडोबाच्या भागात शिकार बंद झाली असं वन खात्याचा इतिहास सांगतो. त्याच वर्षी मध्य प्रांतात शिकारीच्या प्राण्यांविषयीचा स्वतंत्र कायदाही झाला होता. वाघाबद्दल एकाएकी माया उफाळून आली असं समजायचं कारण नाही. बंदुका वाढल्या, मोटारी आल्या, सावज कमी झालं. शिकार टिकवायची तर काही जागा सोडाव्या लागतील हे खुद्द शिकाऱ्यांनाच कळू लागलं होतं. म्हणजे आजच्या बऱ्याच 'नाही'चा पाया शिकाऱ्यांच्या हिशेबात आहे.

मग १९५५. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, हे आपण शाळेत पाठ केलेलं. पण १९५५ मध्ये महाराष्ट्र होता कुठे? चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. मध्य प्रदेशाने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि कान्हा व ताडोबा ही दोन्ही उद्यानं त्याच वर्षी झाली. म्हणजे कान्हा आणि ताडोबा सख्खी भावंडं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, ताडोबा द्वैभाषिक मुंबईत गेलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ ला पूर्वेकडचा मोठा तुकडा तोडून गडचिरोली जिल्हा. तळं जागच्या जागी, पाट्या मात्र चार वेळा बदलल्या.

त्या वेळचं उद्यान फक्त ११६ चौरस किलोमीटरचं. राष्ट्रीय उद्यान ही कल्पना अमेरिकेची, १८७२ च्या यलोस्टोनची. तिथेही मूळ रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत बाहेर काढण्यात आलं आणि मग 'मनुष्यस्पर्श नसलेला निसर्ग' म्हणून ती जागा दाखवण्यात आली. पण अमेरिकेतच दुसरी एक परंपरा आहे, तळ्याकाठच्या स्टेट पार्कची. ऑनसाइट असताना अशा पार्कांत मी पुष्कळ शनिवार घालवले आहेत. दारावर गाडीमागे फी भरायची, पाटी वाचायची. पोहायचं ते दोरीच्या आत, शेकोटी लोखंडी कड्यातच, कुत्रं साखळीला, रात्री दहानंतर आवाज नाही. नियम भरपूर, पण सगळे 'असं करा' या चालीवरचे. मला तेव्हा सारखी आपल्या निस्ताराची आठवण व्हायची. ताडोबाला आपण यलोस्टोनचा साचा घेतला. वाघ असलेल्या जागी दुसरा साचा चालला असता का? माझ्या मते नाही. पण साच्याबरोबर साच्याचा दोषही येतो.

तो दोष स्पष्ट बघायचा असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडा. मी वकील नाही, पण स्पेसिफिकेशन वाचायची सवय आहे, आणि कायदा हे एक प्रकारचं स्पेसिफिकेशनच. कलम २७: अभयारण्यात कुणाला प्रवेश आहे. कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत जमीनजुमल्यावर हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, आणि अशांवर अवलंबून असलेली त्यांची माणसं. बाकीच्यांना परवाना लागतो. कलम २८: परवाना कोणत्या कामासाठी मिळेल. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. हीच कलमं राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने यादीत सिनेमावाल्यांनाही जागा मिळाली, अधिवासाला धक्का लावणार नसतील तर.

यादी पुन्हा वाचा. पर्यटन आहे. देवदर्शन नाही.

हे कुणी मुद्दाम वगळलं असं मला वाटत नाही. दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तळं म्हणजे हरणं, बदकं आणि मगरी. पौषात बैलगाडीने येणारा माणूस त्या चित्रातच नव्हता. आमच्या धंद्यात याला सुटलेली युज-केस म्हणतात. फक्त इथे युजर आधीचा आहे आणि सिस्टिम नंतरची.

त्यानंतरचा बराच काळ व्यवहार सैल होता. तळ्याकाठी विश्रामगृह होतं. स्वतःची गाडी घेऊन, सोबत गाईड बसवून, आत फिरता येत असे. २००० च्या दशकातही येत असे. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरची गणना व्हायची. मचाणावर बसून, चांदण्यात पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर वहीत टिपायचं. अत्तर लावू नका, भडक कपडे नकोत, खोकला असेल तर येऊच नका, असल्या सूचना. नागपूर-चंद्रपूरच्या कित्येक शिक्षक-बँकवाल्यांना जंगलाचं वेड लागलं ते या एका रात्रीत. आकडे म्हणून त्याची किंमत फारशी नव्हती, आणि पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायच्या पद्धतीचीही २००५ च्या सरिस्का प्रकरणानंतर पत राहिली नाही. सरिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. मग कॅमेरा ट्रॅप आले. मचाणाची रात्र मात्र राहिली, 'निसर्गानुभव' या नावाने. मोजणी गेली, अनुभव उरला. सरकारी कार्यक्रमाचं इतकं प्रामाणिक नामांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

उद्यान वाढत गेलं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, सव्वासहाशे चौरस किलोमीटर. २००७ मध्ये या भागावर 'कोअर'चं शिक्कामोर्तब झालं, आणि २०१० मध्ये भोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर आला. कोअर आत, बफर बाहेर, अगदी आमच्या सर्व्हरभोवतीच्या फायरवॉलसारखं. पण आमच्या फायरवॉलमध्ये माणसं राहत नाहीत.

आणि कोअरमध्ये गावं होती. बोटेझरी आणि कोळसा गावातली काही कुटुंबं २००७ च्या सुमारास बाहेर गेली. २०१० नंतरच्या वर्षांत नवेगाव आणि जामणी गेली. २००८ मध्ये केंद्राने कुटुंबामागे दहा लाखांचं पॅकेज ठरवलं, २०२१ मध्ये ते पंधरा लाख झालं. कायद्याच्या भाषेत हे 'स्वेच्छा पुनर्वसन'. ते सगळं जबरदस्तीचं होतं असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. वाघाच्या तोंडी रोज गुरं देत, दवाखाना आणि शाळेपासून दूर, पावसाळ्यात तुटून राहणाऱ्या गावातल्या तरुणांना बाहेर पडायचंच होतं. म्हाताऱ्यांचं वेगळं. त्यांचे देव तिथे, पूर्वज तिथे. पैसे घेऊन निघालेल्या घरात मनाने दोन तट असू शकतात, आणि 'स्वेच्छा' या शब्दात ते मावत नाहीत.

पुढे काय झालं ते मात्र दिसतं. शेतं मोकळी झाली, त्यावर गवत आलं. गवतावर चितळ-सांबर आले, त्यांच्यामागे वाघ, आणि वाघांमागे जिप्स्या. आज पर्यटकांच्या गप्पांत जामणी म्हणजे वाघ दिसण्याची हमखास जागा. "जामणीला सायटिंग झालं का?" हे वाक्य तुम्ही सफारीत दहा वेळा ऐकाल. जिथे गाड्या थांबतात तिथे कुणाचं तरी शेत होतं. संरक्षण म्हणून बघाल तर हा प्रयोग यशस्वी आहे, यात वाद नाही.

आता जिप्सीचे नियम. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन हंगामी आदेशाने बंद केलं, आणि नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर १६ ऑक्टोबरला बंदी उठवली. त्या तत्त्वांनुसार कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनाला. म्हणून गाड्यांची संख्या ठरलेली, फेऱ्या सकाळ-दुपार दोनच, नोंदणी केलेलंच वाहन, गाईड सक्तीचा. ज्यांना जागा मिळत नाही ते बुकिंगच्या वेबसाइटला शिव्या देतात. (तिचाही इतिहास आहे. २०२३ मध्ये बुकिंग चालवणाऱ्या एजन्सीने वन विभागाचे बारा कोटींहून जास्त रुपये भरले नाहीत, अशा आरोपावरून गुन्हा दाखल झाला. मला लगेच भांडी घरी नेणारा माणूस आठवला.)

मोबाईल नेता येत नाही हा नियम ताडोबात २०१८ च्या अखेरीस आला. पोरांना हा सगळ्यात जाचक वाटतो. कारण साधं आहे: एका गाडीला वाघ दिसला की फोनवरून दहा गाड्या जमा. असं जमा होणं म्हणजे काय ते ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि पुढे-मागे पर्यटकांच्या गाड्या. तिला ना पुढे जाता येई ना मागे. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाड्या आणि गाईडवर कारवाई झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणाच्या निकालात कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल बंद आणि रात्रीचं पर्यटन बंद असं देशभरासाठीच सांगून टाकलं. चांगलं झालं.

गाडीतून उतरायचं नाही, या नियमाला तर समजावून सांगायची गरज पडू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. ही तीच 'माया', जिचे फोटो अर्ध्या देशाच्या स्क्रीनसेव्हरवर होते. पर्यटक गाडीत बसून जिचं कौतुक करतात तिच्या जंगलात खात्याची माणसं रोज पायी हिंडतात, हातात काठी घेऊन. आणि बफरमध्ये तेंदूपत्ता, मोह, सरपण यासाठी बायका पायीच जातात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्यासाठी जिप्सी नसते.

पोरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पाण्यात जायची हौसच असेल तर इरईच्या जलाशयावर बोटिंग आहे. इरई धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या पाण्यासाठी बांधलेलं, त्याचा फुगवटा जंगलाच्या कडेला येऊन भिडतो. आगरझरीला फुलपाखरांची बाग आहे. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर बंद असतो तेव्हाही बफरमध्ये सफारी सुरू असते. गर्दी कमी, हिरवा रंग जास्त. खुद्द ताडोबाचं तळं मात्र फक्त बघायचं. जवळजवळ सव्वाशे हेक्टरचं पाणी, काठाला पाणकोंबड्या, उन्हात पडलेली एखादी मगर. हौसेची होडी धरणावर, देवाचं तळं मोकळं. ही वाटणी मला पटते.

न पटणारी गोष्ट एकच, कलम २८ ची यादी. २००६ चा वनहक्क कायदा परंपरेने चालत आलेले हक्क मानतो, शिकार सोडून. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं: डोंगर हा डोंगरिया कोंधांचा देव आहे की नाही, त्यांच्या पूजेच्या हक्कावर गदा येते की नाही, हे ग्रामसभा बघेल. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे जंगलात काय तोडायचं, केव्हा आणि किती, याचे नियम गाव बसून ठरवतं, सगळ्यांची सहमती होईपर्यंत. तेव्हा नियम म्हटला की तो वरूनच यायला हवा असं नाही, आणि गावाने केलेला नियम ढिला असतो असंही नाही. तारोबाच्या जत्रेला किती माणसं, कोणत्या वाटेने, किती वेळ, चूल पेटवायची की शिदोरी आणायची, हे आसपासच्या गावांना विचारून ठरवता येईल. वाघाला त्रास होऊ नये ही काळजी त्यांनाही आहे. भांडी धुऊन परत ठेवायचा नियम मुळात त्यांचाच.

मोहर्लीच्या गेटवर तुमच्या जिप्सीत पुढे बसेल तो गाईड बहुधा शेजारच्याच गावचा असेल. आता मुलीही गाईड आहेत, आणि उत्तम आहेत. पर्यटनाच्या खात्यात तो दिवसातून दोनदा तारोबाच्या तळ्यावरून जातो, कुणी अडवत नाही. पौषात घरच्यांना घेऊन त्याच देवाला जायचं तर परवानगी लागते. तुम्ही पौषातच चालला आहात, तर त्याला जत्रेबद्दल जरूर विचारा. आणि हो, कोअर मंगळवारी बंद असतो, सोमवारी रात्री निघून फायदा नाही.